पाकिटावरचं नाव

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

रेश्माताईच्या नव्या नावाच्या पॅन कार्डाचा अर्ज आमच्या फॉर्म भरायच्या दुकानात मीच भरला. पत्ता आधारवरून अक्षरन् अक्षर उतरवला: नाटे गाव, तिच्या वडिलांचं घर. दोनदा तपासलाही. आता कार्ड टपालाने तिथेच जाणार. आणि तिथे सगळ्यांसाठी ती अजून मुलगाच, बोटीवर नोकरीला असलेला. रेश्मा हे नाव त्या घरात कुणी ऐकलेलं नाही.

ती मुंबईत बाई म्हणून राहते, धंदा करते, हे अर्ज भरताना तिनेच सांगितलं. कामाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर हसली. "रात्रपाळी लिही."

सगळं विचारलं, पत्ताच कसा नाही विचारला?

शेवटी फोन करून चूक सांगितली. म्हटलं, उद्या दुरुस्ती करतो.

"पाकिटावर नाव बाहेरून दिसतं काय रे?"

"दिसतं, ताई."

मग म्हणाली, "राहू दे तोच पत्ता. माझ्या तोंडून बाबांना सांगणं व्हायचं नाही."

म्हणजे दुरुस्ती करायची नाही. तरी तो पत्ता डोक्यातून जात नाही. पोस्टमन पाकीट बाबांच्याच हातात देईल ना? की पडवीत चार माणसं बसलेली असताना नाव मोठ्याने वाचेल?