तिसरा हिसका

५ जानेवारी

आलो एकदाचा! सामान अजून खोक्यांतच आहे, पण रोजनिशी आधी बाहेर काढली. बायको म्हणते तसं, घर लावायचं सोडून हा माणूस आधी अक्षर लावत बसतो. ती आणि लेक परीक्षा संपल्यावर येतील. तोवर मी, हे टेबल आणि खिडकीतून दिसणारा समुद्र.

संशोधन संस्था छोटी आहे. साहित्य, इंजिनिअरिंग, गणित, वैद्यक आणि समुद्रविज्ञान असे पाच विभाग, आणि चहाचं मशिन मात्र एकच. ज्ञानाची खरी देवाणघेवाण तिथेच होते म्हणतात. मला संस्थेच्या सहामाही नियतकालिकाचं संपादन करायचं आहे. पहिलाच अंक विशेषांक, विषय ‘बुडी’. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर पाचही विभाग आपापल्या बाजूने लिहिणार. मजा येईल.

समुद्रविज्ञानाच्या प्रमुख बाईंना सगळे मावशी म्हणतात. खुद्द संचालकही. त्यांनी दारातच माझा हात धरला आणि विद्यार्थ्यांना हाक मारून सांगितलं की शिंपल्यांच्या वाढीचा तो तक्ता ज्यांचा, ते हेच. आमची पोरं पाढ्यासारखा पाठ करतात, म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला, म्हणून आणखी कौतुक केलं.

८ जानेवारी

लेख येऊ लागलेत. इंजिनिअरच्या एका वाक्यात चार क्रियापदं असतात आणि कर्ता बेपत्ता. गणिताच्या बाई इतकं कमी बोलतात की त्यांचं टोपणनावच ‘शून्य’ पडलंय. त्यांचा लेख दोन पानांचा, त्यात शब्द मोजून अकरा. मी प्रस्तावना लिहून देतो म्हटलं तर त्या पहिल्यांदाच हसल्या.

साहित्याचे सर पाणबुड्या बायकांची गाणी गोळा करतायत. दुपारी माझ्या खोलीत येऊन त्यांनी एक म्हणून दाखवलं. खाली गेलेली बाई वर होडीत बसलेल्या भावाला दोराच्या हिसक्यांनी बोलते. एक हिसका, पोचले रे. दोन हिसके, दोर सैल सोड. तीन हिसके, ओढ मला, ओढ. सरांनी विचारलं, तुम्ही होडीवर काम केलंय, असे इशारे खरंच असतात का?

मी म्हणालो, कल्पना नाही.

का म्हणालो असं? होडीवर पाऊल ठेवलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. सर बिचारे ‘बरं बरं’ म्हणत गेले. माझे कान मात्र अजून तापलेले आहेत.

११ जानेवारी

धक्क्याखाली मावशींनी पाण्यात मायक्रोफोन सोडून ठेवलाय. त्यात पाच तारखेपासून एक आवाज येतोय. ठक, ठक, ठक. मग शांतता. मग पुन्हा तीन. मावशींना वाटलं साखळी सुटली असेल. इंजिनिअरने दोन तास खपून सगळ्या साखळ्या तपासल्या, एकही सैल नाही. मग त्याने हट्टाने इमारतीतही कंपनमापक लावले. त्याच तीन ठोक्यांची नोंद तिथेही झाली. सगळ्यात जोरात दुसऱ्या मजल्यावर. माझ्या टेबलाखाली.

चहाच्या मशिनपाशी सगळे हसले. संपादक महाशय विचार करताना पाय आपटतात, म्हणे. मीही हसलो. काय करणार.

पाय आपटत नाही मी. पाच तारखेलाच मी आलो, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

१३ जानेवारी

डॉक्टरीणबाई सगळ्यांच्या फुफ्फुसांची ताकद मोजतायत, त्यांच्या लेखासाठी. मी नळीत फुंकत असताना त्यांनी विचारलं की लंगडताय का. चप्पल काढायला लावली. डाव्या पावलावर आडवा वळ उठलाय, बोटभर रुंद, जांभळा. मी सांगितलं, नवा बूट लागला.

त्यांनी भिंग घेऊन पाहिलं. बुटाने पिळाचे वळ उठत नाहीत, म्हणाल्या. हा दोराचा वळ आहे. तीनपेडी दोर.

मोजा चढवून मी जवळजवळ पळालोच. जिन्यात मावशी भेटल्या, त्यांनी जेवलात का विचारलं, आणि मला एकदम रडू आलं. खोकल्याचं निमित्त केलं.

१५ जानेवारी

लिहूनच टाकतो. बारा वर्षांत कुठेही लिहिलं नाही.

तो तक्ता माझा नाही. ताईचा आहे. सख्खी बहीण नव्हे. संशोधनात माझ्या दोन वर्षं पुढे होती, म्हणून ताई. माझं अक्षर सुबक म्हणून मला ‘लेखनिक’ म्हणायची. ती खाली जायची, मी वर होडीत दोर धरून बसायचो. माझा स्वतःचा प्रबंध तीन वर्षं अडकला होता, आणि तिची वही होडीतच पडलेली असायची. बारा ओळींचा पूर्ण तक्ता, दर खोलीला एक ओळ. त्या सकाळी दोर डाव्या पायाखाली दाबला आणि तो तक्ता उतरवून घ्यायला लागलो.

पहिला हिसका आला तेव्हा सातवी ओळ चालली होती. पोचली, म्हटलं. पुढे अकरावी ओळ लिहिताना पायाखाली दोर तीनदा ओढला गेला. मला कळलं. मला नीट कळलं. तरी मनात आलं, एवढी ओळ होऊ दे.

ओळ पुरी केली. मग दोर ओढला. रिकामा आला.

घाबरून तिची वही मी पाण्यात फेकली. चौकशीत सांगितलं, इशारा आलाच नाही. बारावी ओळ उतरवायची राहिली होती, ती अंदाजाने भरली आणि प्रबंध दिला. पहिल्या पानावर लिहिलं, ‘ताईस अर्पण’. तिच्या आईने रडत रडत फोन केला. म्हणाली, तू तिचं नाव राखलंस बाळा. मी म्हणालो, माझं कर्तव्यच होतं.

मी म्हणालो, माझं कर्तव्यच होतं.

१७ जानेवारी

‘शून्य’ खोलीत आल्या. स्वतःहून कधी येत नाहीत. तिहेरी ठोक्यांमधलं अंतर रोज बदलत होतं, ते त्यांनी मांडलं होतं. पहिल्या दिवशी एक्केचाळीस मिनिटं, मग अडतीस, मग चौतीस. अकरा दिवसांचे आकडे माझ्या तक्त्याच्या अकरा ओळींशी जुळतात. एकही चूक नाही.

बारावा आकडा काल आला. माझ्या तक्त्यात तिथे सहा आहे. खालून आलाय दोन.

त्यानंतर आवाज बंद.

त्यांनी आवाज न चढवता विचारलं की बरोबर कुठला. मी म्हणालो, छापलेला बरोबर. त्या दार हळूच ओढून घेऊन गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

आवाज नाही. शांतता ठोक्यांपेक्षा वाईट. सारखं वाटतं, कुणीतरी खाली उत्तराची वाट पाहतंय.

वळ आता पावलाभोवती दोन्ही बाजूंनी मिळालाय. कडं झालंय.

दुपारी मावशी आल्या. ‘शून्य’बाईंनी त्यांना दोन्ही आकडे दाखवले होते. आकड्याचा घोळ मिटवायचा म्हणून परवा सकाळी त्यांची भाची स्वतः खाली जाणार आहे. त्याच जातीचे शिंपले इथल्या खडकावरही आहेत, बाराव्या ओळीच्या खोलीवर. दोर मी धरावा असं मावशींचं म्हणणं. माझी भाची आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात कसा देऊ, म्हणाल्या. तुमच्याइतका भरवशाचा माणूस कुठे मिळणार?

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

हो म्हणालो.

२० जानेवारी

मावशींच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दोनदा परत आलो. दुसऱ्यांदा त्यांनी आतून विचारलं, कोण आहे. मी चोरासारखा भिंतीला चिकटून उभा राहिलो. बेचाळीस वर्षांचा माणूस.

बायकोला फोन केला. सांगणार होतो. लेकीने फोन घेतला आणि विचारलं, बाबा, तुमचा तक्ता आमच्या पुस्तकात येईल का हो?

ठेवून दिला.

२१ जानेवारी, सकाळ, होडीत

भाची वर आली. सुखरूप.

तीन हिसके आले आणि मी ओढला. लगेच. दोन्ही हातांची सालटी निघाली. ती काठावर चढून बसली, पाणी प्यायली, हसली. आकडा दोन. ताईचाच बरोबर होता.

मग सांगितलं. मावशींना, सगळं. भाचीच्या देखत. मोटार बंद होती, त्यामुळे शब्द न शब्द ऐकू गेला.

मावशींनी एकच विचारलं. किती वेळ दोर पायाखाली ठेवलास? आज पहिल्यांदा अरेतुरे. मी म्हणालो, एका ओळीपुरता.

त्या भाचीजवळ जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. म्हणाल्या, इथेच, आत्ता, लिहून काढ. धक्क्याला लागेपर्यंत तुला पुन्हा खोटं सुचेल. लिही, सही कर, मी अंकात छापते.

म्हणून लिहितोय. छापा. तिच्या आईला मी स्वतः—

दोर अजून पाण्यात आहे. भाचीने कधीच सोडवलाय, मोकळं टोक खाली लोंबतंय. गुंडाळायचा राहिला. लिहायला हात मोकळे हवेत म्हणून मी तो पायाखाली—

डाव्या पायाखाली. सवयीने. देवा, सवयीने.

हलला.

एक.

मावशी म्हणतात, खडकात अडकला असेल, राहू दे. भाची म्हणते होडी वाहत पुढे आलीय, इथे खाली खडक नाही, वाळू आहे. ती दोराकडे बघतेय. तिलाही दिसतंय.

दोन. होडी कलली. मावशी ओरडतायत, काप तो, काप. सुरी माझ्याजवळच आहे.

नाही कापणार. ती अजून तिथेच— इतकी वर्षं दोर धरून—

सही राहिली. ओळ पुरी करायला हवी, एवढी ओळ झाली की—

नाही. नाही, या वेळी ओळ नाही. तीन. ओढतो. ताई, ओढतोय, जड आहे, येतंय वर, केस दिस