टाकी कलली आहे, आण्णा

प्रिय आण्णा,

तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय ती तक्रार घेऊन. काल संध्याकाळी तुमचा ओळंबा घेऊन मी तुम्हीच बांधलेल्या गावच्या पाण्याच्या टाकीवर चढले होते.

हसू नका! उमरग्याच्या शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवताना मी तोच ओळंबा पोरांना दाखवते. वजन बांधलेली दोरी थेट पृथ्वीच्या मध्याकडे ओढली जाते, तिच्याशी भांडता येत नाही. तुम्ही तर शाळा न शिकता जन्मभर त्याच दोरीवर भिंती उभ्या केल्यात.

आठवतं, चंद्रसुद्धा सारखा पृथ्वीकडे पडतच असतो असं मी सांगितलं होतं? "पडतोय तर आदळंना का?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, त्याला बाजूला धावायची गती आहे, म्हणून तो दर वेळी हुकतो. "म्हंजी पळत ऱ्हायलं की वाचतंय व्हय!" केवढे हसला होता तुम्ही.

तुम्हीही पळतच होता ना, आण्णा? शेवटच्या वर्षी रोज दुपारी ओळंबा घेऊन टाकीखाली जायचा. काय मोजताय विचारलं की म्हणायचा, "वाऱ्यानं दोरी हलती गं, कळंना." वारा असला की ओळंब्याचा गोळा पाण्याच्या बादलीत सोडायचा, म्हणजे दोरी स्थिर राहते, हे मला तुम्हीच शिकवलंत! मग तुम्ही का नाही सोडलात?

मी काल सोडला. दोरी आणि खांब यांच्यातलं अंतर वर होतं त्यापेक्षा खाली दोन बोटं जास्त भरलं. दिवाळीत एकच बोट होतं, तेव्हा मीही वाऱ्यालाच दोष दिला होता.

टाकी अजून उभी आहे, कारण तिच्या वजनाचा मध्य खांबांच्या आत आहे. तो बाहेर गेला की ती थांबणार नाही. तिला कुठे चंद्रासारखं बाजूला धावता येतंय? आणि खाली सावलीला अंगणवाडी भरते.

रात्री आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "माणूस जाऊन वरीस न्हाय झालं, आन् त्येंच्या कामाला नावं ठिवतीस?" मग हळूच म्हणाली, "एका खांबाखाली घट्ट मुरूम लागला न्हवता. काळ्या मातीवरच पाया भरला. पाऊस तोंडावर आला हुता. त्येंला ठावं हुतं."

मुरूम लागेपर्यंत कुदळ थांबवायची नाही, असं साऱ्या गवंड्यांना सुनावणारे तुम्ही! राग येतो, आण्णा. आणि तुम्ही इतकी वर्षं हे मनात कसं वागवलंत म्हणून रडूही येतं.

आज उजाडताच मी पाणी सोडणाऱ्याला टाकी भरू नको म्हणून विनवलं. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, वीस वर्सं उभी हाय. सरपंचाला सांगा." आत्ता मोटर चालू आहे. इथपर्यंत ऐकू येतेय.

अंगणवाडीच्या ताईंना निरोप धाडलाय, पोरं मारुतीच्या देवळात बसवा म्हणून. त्या ऐकतील की नाही, माहीत नाही. नुसत्या दोन बोटांवर कोण विश्वास ठेवणार? पायाचं खरं सांगितल्याशिवाय मोटर बंद होणार नाही.

म्हणून हा शब्द देते. हे पत्र मिटून मी सरपंचांच्या दारात जाणार आहे. पाया अर्धवट कुणी सोडला, असं ते विचारतील. तेव्हा मी तुमचं नाव घेईन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुमचीच लेक,
सुरेखा