डावा स्पीकर

माझ्या एकुलत्या एक मेहुणेबुवांस, भावजींचे भरघोस आशीर्वाद. (पन्नाशी ओलांडलीस म्हणून काय झालं? आशीर्वादच मिळतील. नमस्कार हवा असेल तर आधी माझ्याहून मोठा हो.) तुझी कंबर कशी आहे? माझं बरं चाललंय, म्हणजे चाललंय. तुझी ताई जाऊन आठ महिने झाले आणि घर इतकं गप्प झालंय, की चमचा पडला तरी मी दचकतो.

तू पाठवलेले दोन बिनतारी स्पीकर पोचले. ताईने तुला फोनवर पाठवलेले सगळे आवाजी निरोप जमवून दिलेस आणि चिठ्ठीत लिहिलंस, ‘भावजी, आता ताईला घरभर ऐका.’ चिठ्ठी वाचून मी रडलो. मग स्पीकर लावले आणि पुन्हा रडलो, पण या खेपेला संतापाने. ताई म्हणायची, ‘अरे, ऐक ना,’ की लगेच खर्रर्र, मग सामसूम, मग एकदम ‘...आणि औषध विसरू नकोस.’ मधलं सगळं हवेत! जन्मभर जिचं बोलणं मधे तोडायची कुणाच्या बापाची छाती झाली नाही, तिला या डबड्याने वाक्यावाक्याला तोडावं? चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो मी. तार असली की बिघाड कुठे ना कुठे सापडतोच. पण हवेत चढायला खांब कुठून आणू? शेवटी इंटरनेटचा डबा लोखंडी कपाटामागून काढून फ्रिजवर ठेवला (कपाट सरकवताना पायाचा अंगठा चेचला, तो अजून निळा आहे). तरी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की तुझी ताई गप्प व्हायची. जिवंतपणी उलटं होतं. मी दूध तापत ठेवलं की तिचा पट्टा सुरू व्हायचा, कारण मी ते हमखास उतू घालवायचो. आता दूध थंडच पितो.

एवढं केल्यावर आवाज स्वच्छ आला, पण फक्त उजवीकडून. डावा स्पीकर नुसता पुटपुटायचा. म्हणून मी दोघांच्या जागा बदलल्या, तर काय, चांगला होता तो आजारी पडला आणि आजारी होता तो खडखडीत बरा! मी अनुभवी माणूस. लगेच ताडलं, दोष स्पीकरचा नाही, भिंतीचा. मग कॅलेंडर उतरवलं, पडदा काढला, खिळे उपटले, आणि भिंतीची पार चाळण झाल्यावर कंपनीला फोन केला. एक तंत्रज्ञ बाई आल्या. त्यांनी आपल्या फोनवर दोन्ही आवाज मोजले आणि सारखेच आहेत म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचा फोन बिघडलाय. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘काका, जरा स्पीकरकडे पाठ करून बसा.’ बसलो. ‘आता?’ मी म्हणालो, ‘हे बघा, आता दुसरा बिघडला!’ आणि तोंडातून शब्द बाहेर पडता पडताच मला कळलं. अरे, खांबावर चढण्याआधी ऐकणाऱ्याचा कान तपासावा, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. हजारो लोकांना मी तो शिकवला असेल.

कानाचे डॉक्टर म्हणाले, डावा जाऊन पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. उजवाही हळूहळू त्याच वाटेवर आहे. इतकी वर्षं मला कळलं कसं नाही, म्हणून विचार करत बसलो, आणि काय सांगू तुला! तुझी ताई रस्त्याने कायम माझ्या उजव्या हाताला चालायची. मला वाटायचं, गाड्यांना भिते. जेवायच्या टेबलाशी खुर्ची बदलून घेतली, म्हणाली, इकडे वारा लागतो. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. त्यावरून मी तिला काय काय बोललोय! ‘मी बहिरा आहे का?’ असा खेकसायचो. ती म्हणायची, ‘नाही हो, मलाच मेली खोड लागलीय.’ माझा कान गेला आणि खोड तिने आपल्या नावावर घेतली. मला फार लाज वाटते रे. आणि तिची आठवण येते, ती तर सांगायची सोयच नाही.

असो. तुझ्या बायकोला आणि पोरांना आशीर्वाद. कंबरेला जप, जड उचलू नकोस.

तुझे,
भावजी

ता. क. : स्पीकर उत्तम आहेत. वरची सगळी तक्रार रद्द समजावी. खोडणार होतो, पण एवढं सगळं पुन्हा कोण लिहीत बसणार!

आणखी एक ता. क. : पत्र लिहायला बसलो ते खरं म्हणजे यासाठी. तू पाठवलेल्यांतला ताईचा सतरावा निरोप मधेच थांबतो. ताई म्हणते, ‘ह्यांना कळू देऊ नकोस हं, ह्यांचा...’ आणि संपलंच. मी समजत होतो, रेंज गेली. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, ‘रेंज नाही काका, हा पाठवणाऱ्यानेच कापलाय.’ लबाडा, तुझं काही चुकलं नाही. तिने सांगितलं, तू पाळलंस. पण आता मला कळलंय, तेव्हा उरलेला तुकडा पाठवून दे. त्यात काय आहे ते ठाऊक आहे मला. तरी तिच्या तोंडून ऐकायचंय, उजवा चालू आहे तोवर.