खंजिरीचं बोट

८ जानेवारी
साधी गाठ आहे म्हणे! खामगावच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाले धरला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट. हाड आतून पोखरलेलं, बाहेरून फुगलेलं. सुई टाकून तपासलं होतं, कॅन्सर नाही. "लाखात एखाद्याला होतं, ताई." घ्या! लॉटरीत कधी नंबर लागला नाही, इथं बरोबर लागला.

मग म्हणे, अशी गाठ खरवडली तरी परत येते, त्यापेक्षा बोटच काढून टाकू. भेंडीचं देठ काढावं तसं बोलला! अन् आमच्या ह्यांनी होकाराची मान हलवली.

याच बोटावर माझी भजनी मंडळातली खंजिरी आहे. बाकीची बोटं नुसती मागं मागं येतात. हे बोट गेलं तर मी काय टाळ कुटत बसू?

११ जानेवारी
सारं वरवट गाव भेटाले येऊन राह्यलं. केळी, बिस्किटं, अन् प्रत्येकाजवळ गाठीनं मेलेला एक माणूस. आमची बुढी — सासूबाई, विमलबाई — सगळ्याइले चहा देते अन् वरून सांगते, "बोट गेलं तं गेलं. घरातली थपथप तं बंद होईन!"

प्रेमळ माणूस.

१५ जानेवारी
उद्या ऑपरेशन. दुपारी जरा डोळा लागला होता. एकदम चटका! उठून पाहते तर बुढी तापलेला बिब्बा घेऊन बसलेली. बोटावर काळे ठिपकेच ठिपके. "सूज उतरते व माय," म्हणे. देवा!

१६ जानेवारी
करवंदाएवढे फोड. डॉक्टर भडकला. "अशा कातडीवर सुरी लावू? पिकेल सगळं! फोड वाळल्यावर या." बुढी बाहेर बाकड्यावर शेंगदाणे खात होती.

हे पहिल्यांदा आईवर ओरडले — "माय, तू बी ना!" संपलं भाषण.

१९ जानेवारी
बुढीशी बोलणं बंद केलं. तिले काही फरक पडून नाही राह्यला.

२५ जानेवारी
बहिणीची पोरगी प्रेरणा आली. अकोल्यात नर्स आहे. एक्स-रे पाहून म्हणाली, "मावशी, फोड वाळेपर्यंत बसलीच आहेस, तर आमच्या मॅडमले दाखव. त्या फक्त हाताचेच ऑपरेशन करतात."

४ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, "बोट कशाला कापायचं? आतून नीट खरवडू, कमरेचं थोडं हाड काढून पोकळीत भरू. गाठ परत येऊ शकते, तपासणी चुकवायची नाही."

येऊ दे! आली तर पुन्हा पाहू. एसटीत मी बोटाकडंच पाहत बसली होती. बाजूच्या बाईले वाटलं असेल, डोकं फिरलं.

२० फेब्रुवारी
झालं! बोट जागेवर आहे. बोटापेक्षा कंबर दुखते. लोक विचारतात, ऑपरेशन कशाचं? मी कंबर धरून हात दाखवते.

१८ एप्रिल
भरलेलं हाड धरलं. वाजवाले परवानगी! बोट अजून ताठ आहे, पण आज पहिली थाप मारली. बेसूर. पण माझी!

साऱ्या मंडळाले पुन्हा बिब्ब्याची गोष्ट सांगितली, आमची बुढी किती अडाणी आहे ते. बाया पोट धरून हसल्या.

२० एप्रिल
आज बुढीच म्हणाली, "सूज उतरवाले नव्हता लावला मी. तुह्या सासऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन बिब्ब्याच्या फोडानंच पुढं ढकललं होतं डॉक्टरनं. मले ठाऊक होतं. तो खामगावचा डॉक्टर तुहं बोट कापणार, अन् माहा पोरगा नुसता मान हलवते. कोणं ऐकलं असतं माहं?"

मले रडूच फुटलं.

"रडतं काऊन व? वाजव!"