लुंबिनीला निघालेल्या ताईचं कार्ड

पुसेगाव,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. निलमताईस,
स. जयभीम वि. वि.

आधीच माफी मागते. माहं शुद्धलेखन कसं हाय तुला ठाऊक हाय, अन् मोबाइलवर एकेक अक्षर हुडकून दाबावं लागतं, म्हणून हे पत्र दोन दिवसांपासून लिहून राहिले. व्हाइस मेसेज कर म्हणतीस, पण घरात समदे कान लावून बसतेत, मला बोलाया लाज वाटती. आपलं ठरल्यासारखं तारीख टाकून लिहिते.

कापूस येचणी चालू हाय. आईची कंबर आता बरी हाय, भाकरी तीच थापती. मोठीआईच्या शेरडायला मीच नेते.

तू एकटी नेपाळात लुंबिनीला चालली हे मला लई उशिरा कळलं. बाबांनी पहिले विहारात समद्यायला सांगितलं, मग पारावर, मग घरी. अमृतरावाची पुतणी सीमा पार करून चालली म्हणून लोक बाबाला चहा पाजून राहिले. मोठीआई तर येईल त्याला थांबवून सांगती, माही पोरगी दवाखान्यात सिस्टर हाय अन् आता देशाबाहेर चालली. मी शेजारी बसून तूर निसत ऱ्हाते. मला कोणी काही इचारत न्हाई.

खरं सांगू का ताई, मला बरं न्हाई वाटलं. तू फोटो धाडला ना पाठीवरच्या निळ्या पिशवीचा, तो मी एकदाच बघितला अन् मोबाइल उलटा ठेवला. शेतात बांधावर बसून आपण दोघींनी ठरवलं होतं, लुंबिनीला जायचं तर संगं जायचं. तू नांदेडला नर्सिंग शिकाया गेली तवा मोठीआईपाशी कोण झोपलं? तिची शेरडं कोणी राखली? त्याच साली माही नववी सुटली. हे उकरून काढायचं नव्हतं, पण टाइप झालं अन् आता पुसाया बी येळ लागतो.

तुहं मतदान कार्ड मोठीआईच्या पेटीत बघ म्हणली होतीस. बघितलं. न्हाई सापडलं.

माया पातळ करू नको.

तुही,
सरू

—

वसमत,
दि. ७ नोव्हेंबर २०२५

चि. सरितास,
अ. आ. आणि सोबत एक धपाटा.

एवढं मोठं पत्र तू लिहिलंस आणि वर माफी मागतेस. चुका मी मोजल्या, माझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा कमी आहेत.

तुझा राग वाचला. उत्तर समोर बसून देईन, मोबाइलवर नको. सध्या माझा बेत ऐक, आणि घरी वाचून दाखव, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. दुपारच्या गाडीनं हिंगोलीवरून अकोला, तिथून भुसावळ, तिथं गाडी बदलून गोरखपूर. बर्थ वरचा घेतलाय, वर कोणी येऊन बसत नाही. गोरखपूरला सकाळी उजाडल्यावरच स्टेशनाबाहेर पडायचं. तिथून बसनं तीन तासांत सुनौली, ती आपल्याकडची शेवटची जागा. पायी कमान ओलांडली की नेपाळ. अंधार पडायच्या आत लुंबिनीत पोचायचं, विहारात बायकांच्या खोलीत जागा सांगून ठेवलीय. कोणी विचारलं तर भाऊ पुढं थांबलाय म्हणायचं. आपलं सिम तिकडं चालत नाही, म्हणून कमानीपाशीच तिकडचं घेऊन तुला नंबर कळवीन. दर मुक्कामाला तुलाच मेसेज करणार, काकांना नाही. ते विहारात वाचून दाखवतील.

कार्ड नाही सापडलं तर राहू दे. आमच्या दवाखान्यातला रविंद्र म्हणतो, आधार कार्डावर सोडतात, त्याचे मित्र जाऊन आले.

एक काम कर. सलवारच्या आत बांधायला पातळ कापडाची पिशवी शिवून दे, नाडीची. तुझ्या हातची शिवण उसवत नाही. १४ तारखेला निघते.

अशीच भांडत रहा, पण लिहीत रहा.

तुझी,
निलमताई

—

पुसेगाव,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
स. जयभीम वि. वि.

तुहं पत्र घरी वाचून दाखवलं. मोठीआईनं दोनदा वाचाया लावलं. वरचा बर्थ म्हंजी काय ते तिला समजेना, तर बाबा म्हणले, माळा असतो तसा. आता तिला तू माळ्यावरून पडशील म्हणून काळजी हाय.

पिशवी शिवली. दुहेरी टीप मारली. शिवताना मनात आलं, माही शिवण जाणार नेपाळात अन् मी न्हाई. रागानं सुई बी मोडली. सेनगावाच्या पुढं मी एकटी कधी गेले न्हाई हे तुला ठाऊक हाय. तिथं बी जीपमधी लोक बघतेत म्हणून मी खाली मान घालून बसते. तू मात्र भाऊ पुढं हाय म्हणून थापा मारणार अन् बिनधास्त जाणार. कुठून आणतीस एवढं.

काल बाबांचं पीकविम्याचं काम होतं म्हणून त्यायच्यासंगं सेनगावला गेले. तिथं ऑनलाइन फॉर्म भरणारा प्रज्ञेशदादा हाय, त्याला हळूच इचारलं. तो म्हणला की तुह्या वयाच्या माणसाला नेपाळात जायाला पासपोर्ट पाहिजे न्हाईतर मतदान कार्ड, आधार बराबर धरत न्हाईत. कधी सोडतेत, कधी परत फिरवतेत, समोर कोण बसलाय त्याच्यावर हाय. मग तुला संध्याकाळी परत फिरवलं तर? त्या गावात तुह्या वळखीचं कोण हाय?

ताई, पुढच्या महिन्यात जा ना. कार्ड तवरोक सापडल. मी परत एकदा बघते.

रागावू नको.

सरू

—

वसमत,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सरूस,
अ. आ.

पिशवी काकांनी आणून दिली. इतकी नीट आहे की वरून घालावीशी वाटते.

पुढच्या महिन्यात जमत नाही गं. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग रजा मिळालीय, माझ्या जागी ड्युटी करायला एक सिस्टर तयार झालीय, तिकिटं झालीत. परत फिरवलं तर फिरवलं. बस असेल तर गोरखपूर, नसेल तर तिथंच एखादी धर्मशाळा बघीन. मलाही थोडी भीती वाटते, हे आईला वाचून दाखवू नकोस.

आता जे समोर बसून सांगणार होते ते लिहूनच टाकते, कारण तुझ्या मनात गाठ बसलेली दिसते. मला एकटीला जायचंच नव्हतं. दोन तिकिटांचं ठरवलं होतं. तू सतरा वर्षांची, मतदान कार्ड तुला मिळत नाही. अठराच्या आतल्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला लागतो असं कळलं. ऑगस्टात मी पुसेगावला आले होते ना, त्या दिवशी शाळेत जाऊन आले. सर चांगले बोलले, पण म्हणाले की तुझं नाव आता पटावर नाही, दाखला कशावर देऊ? मी बाहेर येऊन बराच वेळ पाण्याच्या टाकीपाशी थांबले. ते नाव पटावरून कोणामुळं गेलं ते मला माहीत आहे, तू लिहायची गरज नव्हती. तुला सांगायचं धाडस झालं नाही.

जीव लावतेस तसाच लावत रहा.

निलमताई

—

एसटीत,
दि. १४ नोव्हेंबर २०२५

ताईस,
जयभीम.

मी हिंगोलीच्या स्टेशनाकडं निघाले. एसटीत खिडकीपाशी बसून लिहिते, गाडी लई हालती, चुका सांभाळून घे.

कार्ड हरवलं नव्हतं. पेटी उघडली तवा वरच होतं. त्याच्यावर तुहा फोटो बघितला, अन् मला वाटलं हिला समदंच कसं मिळतं. मी ते उचललं अन् शिलाई मशीनच्या कप्प्यात रिळांखाली दडवलं. वाटलं, जाणंच ऱ्हाईल. तू आधारवर जाईल असं मनातबी नव्हतं. परवा तुहं पत्र आलं तवापासून दोन दिस लिहिते अन् पुसते. शाळेचं वाचल्यावर तर तोंड दाखवाया जागा ऱ्हाईली न्हाई.

बाबा सकाळीच बाजारात गेले. आईला खरं सांगितलं. तिनं डोक्याला तेल लावून दिलं अन् जा म्हणली.

कार्ड संगं आणलंय, डबा कोणता ते लगेच कळव. तुही गाडी हिंगोलीला लई थोडा येळ थांबती म्हणतेत. खिडकीतून हात बाहेर काढून ठेव.

सरू

—

पुसेगाव,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. निलमताईस,
स. जयभीम वि. वि.

तुहा नेपाळचा नंबर अन् मेसेज दोन्ही भेटले. कमानीपाशी साहेबानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं अन् तुह्या पुढच्या बाईला बाजूला बसवून तुला सोडलं, हे वाचून मी मशीनवरून उठले अन् परत बसले. तिच्यापाशी नुसतं आधार होतं ना.

स्टेशनावर माफी मागायची ऱ्हाऊनच गेली. घरून निघताना समदं पाठ केलं होतं, माफ कर कसं म्हणायचं ते. तुहा डबा लांब थांबला, मी पळाले, चप्पल तुटली, ती हातात घेतली. लोक बघत होते. मान खाली घालाया टाइमच न्हाई भेटला. तुह्या हातात कार्ड दिलं, तवा तू मला शिव्या देशील वाटलं होतं. तू एवढंच म्हणली, "एकटी आलीस?" मी व्हय म्हणलं. गाडी हालली. तू रडत होती का हसत ते मला दिसलं न्हाई.

परत येताना कंडक्टरनं इचारलं, संगं कोण हाय. मी म्हणलं कोणी न्हाई. मग तुही थाप आठवली, पण उशीर झाला होता. त्यानं तिकीट दिलं.

बाबांना मी घरी येऊन सांगितलं. ते दोन दिस माह्याशी बोलले न्हाईत. काल पाणी मागितलं. मोठीआईला अजून सांगायचं हाय. ते तू आल्यावर, तुह्या समोर सांगते.

मला अजून बी जळतं ताई. तू धाडलेला लुंबिनीतल्या तळ्याचा फोटो बघितला अन् जळालं. पण या येळी मोबाइल उलटा न्हाई ठेवला. मोठा करून बघितला, कडंच्या पायऱ्या बी मोजल्या. येत्या मार्चात मला अठरा पुरी होतेत. प्रज्ञेशदादाकून मतदान कार्डाच्या फॉर्मचा कागद आणलाय, त्याच्यावर जन्मतारीख लिहून ठेवली. तू परत तिथं जाशील का न्हाई ते मी इचारत न्हाई. मी जाणार हाय.

रागव, पण तोडू नको.

तुहीच,
सरू

ता. क. आज सकाळी वानरांनी नर्मदाबाईच्या पत्र्यावरची डिशची छत्री पार वाकडी केली, अन् आता गल्लीतल्या समद्या बाया सिरियल बघाया आपल्या घरी येऊन बसल्या हायत, मला मशीन चालवाया जागा न्हाई.