ताबीशबद्दल मला काहीच वाटत नाही

५ जानेवारी, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प: दर रविवारी सहकुटुंब मोकळ्या हवेत. अंकिताचा अभ्यास, अभिमन्यूचं संगोपन आणि माझं ट्रेकिंग, सगळं एकदम. (नववीत नळदुर्ग चढलो होतो. शाळेची सहल होती, पण चढलो होतो.)

परिस्थिती नोंदवून ठेवतो. अंकिता बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या वर्षाचा बालमानसशास्त्राचा पेपर मागे राहिलाय, कारण ऐन परीक्षेच्या आठवड्यात अभी जन्मला. हा पेपर मेमध्ये निघाला तरच शाळेत नोकरी. मोठ्या बाईंनी तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय, पण या वर्षापुरतीच. आणि घरात तिनं पुस्तक उघडलं की अभी रांगत येतो आणि पुस्तकावरच बसतो. वजनाने आजोबांवर गेलाय.

त्यावर तिच्या वर्गातली झीनत (लेकरापायी तिचाही हाच पेपर राहिलाय) म्हणाली की रविवारी दोन्ही घरांनी बाहेर पडू. बायका एका झाडाखाली अभ्यास करतील, नवरे दुसऱ्या झाडाखाली पोरं सांभाळतील. ही कल्पना माझ्या डोक्यात आधीपासून होती, फक्त बोललो नव्हतो.

झीनतचा नवरा ताबीश. विमा कंपनीत आहे. मी पतसंस्थेत, म्हणजे दोघंही खुर्चीवरचेच. त्यांची मुलगी सुमैय्या, अभीहून थोडी मोठी. माणूस बरा वाटतो.

१२ जानेवारी, रविवार

हिप्परगा तलाव. उशीर झाला, कारण मी दुर्बीण शोधत होतो. मग आठवलं की आपल्याकडे दुर्बीण नाही.

बायका लिंबाखाली बसल्या, आम्ही बांधाच्या पलीकडे. आई दिसेनाशी झाली तसा अभीने भोंगा सुरू केला. मी गाणं म्हटलं. भोंगा वाढला. ताबीशने त्याला घेतलं, पाण्याकडे तोंड केलं आणि कानात हळूच म्हणाला, वो देख, बदक. अभी गप्प.

योगायोग. रडून दमला होता. त्या क्षणी कुणीही घेतलं असतं तरी गप्प झाला असता.

येताना गाडीवर अंकिता म्हणाली, एक अख्खं प्रकरण वाचून झालं, ताबीशभाऊंना पोरांची लई सवय हाय. मी म्हणालो, सवय वेगळी आणि कौशल्य वेगळं. ती म्हणाली, तुमाला काय झालं? म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही.

१५ जानेवारी

बाळ पोटाशी बांधायचं ते कॅरियर ऑनलाइन मागवलं. ताबीश सुमैय्याला झीनतच्या जुन्या ओढणीने पाठीला बांधतो. दिसायला अगदीच गबाळं. आपल्या कॅरियरला ढीगभर बकलं आहेत.

१९ जानेवारी, रविवार

कॅरियर घातलं. बकलं लावून झाल्यावर चार उरली. अभीचे पाय वर आले. ताबीश सगळ्यांदेखत म्हणाला, भाई, उल्टा है. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. अंकिताला पुस्तक ठेवून यावं लागलं. तिने ते सरळ केलं, अभीला आई दिसली, आणि मग तो तिला सोडेचना. अभ्यास झाला नाही. कॅरियर कंपनीने माहितीपत्रक नीट मराठीत दिलं असतं तर ही वेळ आली नसती.

२६ जानेवारी, रविवार

ऑफिसातल्या श्रीमंत कोळींच्या (श्रीमंत हे नाव) शेतात हुरडा. यजमान माझा मित्र, म्हणजे आज सूत्रं माझ्याकडे. हुरडा भाजायची आगटी मी पेटवणार असं जाहीर केलं.

गोवऱ्या ओल्या होत्या. (नंतर कळलं, ओल्या नव्हत्या. मी वारा बघितला नव्हता.) सगळा धूर थेट बायकांच्या झाडाखाली. दोघी पुस्तकं घेऊन उठल्या, डोळे पुसत ताबीशच्या व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. कोळी म्हणाले, शिवपुत्र, तुमी बसा की गप. हा शेतकरी माणूस, बोलायची पद्धत नाही.

मग ताबीशने हुरडा हातावर चोळून, फुंकून, चावून मऊ करून सुमैय्याला एक कण दिला. अभीने आ केला. त्याला दिला. अभी हसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. ताबीशकडे.

माझ्या पोटात कळ आली. हुरडा बाधला असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

गेलो होतो. विशेष काही नाही. अभी ताबीशच्या मांडीवर झोपला. मांडी माझीही आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज फक्त आम्ही तिघं. नान्नजचं अभयारण्य. अंकिता कुरकुरली, म्हणे झीनत नसली तर प्रश्न कोण विचारणार. म्हटलं, मी विचारेन, पतसंस्थेची तोंडी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला माणूस आहे मी.

विचारले. पण तिची उत्तरं मला पटेनात. पुस्तकात लिहिलंय की बाळाला जवळची माणसं ओळखू येतात आणि ती दूर गेली की ते बेचैन होतं. मी म्हणालो, हे सरसकट म्हणता येणार नाही, काही बाळांची फसगत होते. ती म्हणाली, पेपरात मला पुस्तकातलं लिहायचंय, तुमचं नाही. या चर्चेत अभीने मूठभर माती खाल्ली.

काळवीट दिसलं नाही. माळढोक तर नाहीच. परतीला चाक पंक्चर. माळावर चिटपाखरू नाही, ऊन चढलेलं. मी विचारपूर्वक उभा होतो. उपाय सुचत आलाच होता, तेवढ्यात अंकिताने फोन लावला. कुणाला, ते लिहायची गरज नाही.

तो व्हॅन घेऊन आला. अभीसाठी मऊ दहीभात आणला होता, डब्याला ओलं फडकं गुंडाळून. अभी खिदळत जेवला. मी आभार मानले. सभ्य माणूस आहे मी.

१२ फेब्रुवारी

अंकिता झीनतला फोनवर सांगत होती की ताबीशभाऊंनी त्या दिवशी लई मोठं काम केलं. मोठं काम! मीही कुणाचं चाक पंक्चर झालं तर जाईन. कुणाचं होतच नाही, त्याला मी काय करू?

२ मार्च, रविवार

काल रात्री झीनतला मेसेज केला: अभीला सर्दी आहे, येणं जमणार नाही. अंकिताला सांगितलं: ताबीशला काम निघालंय. (दोघींचे सरावपाठ सध्या वेगवेगळ्या शाळांत, भेट नाही.) अभीला सर्दी नाही, पण हवा बदलतेय, होऊ शकते. पूर्वखबरदारी.

घरी अभ्यासाला उत्तम वातावरण ठेवलं. मी अभीला घेऊन गच्चीवर गेलो. खाली आलो, कारण टोपी विसरलो. मग दूध. मग त्याचं अस्वल. मग मला तहान लागली. अंकिता म्हणाली, पान उलटू द्याल का एक?

९ मार्च, रविवार

अभीला अजून सर्दी आहे. (मेसेजमध्ये.)

१६ मार्च, रविवार

सर्दी. आता खोकलाही.

१७ मार्च

सरावपाठ संपले, अंकिता आज कॉलेजातून आली. झीनतने विचारलं म्हणे, अभीचा खोकला कसाय. तीन रविवार ताबीश दुपारपर्यंत घरी वाट बघत होता, बरं वाटलं तर येतील म्हणून. सुमैय्याला टोपी घालून तयार ठेवलं होतं.

वाटलं, आता भांडेल. भांडली नाही. स्वयंपाक केला, अभीला जेवू घातलं, पुस्तक घेऊन मोरीत जाऊन बसली आणि आतून कडी लावली. आमच्या घरात कडी लागणारी तेवढीच एक जागा आहे. बाहेरून अभी दारावर थापा मारत होता, आतून ती मोठ्यांदा वाचत होती.

आज खरं लिहितो. मी जळतो. माझा मुलगा दुसऱ्याकडे हात पसरतो ते मला बघवत नाही. आणि त्या माणसात काही खोटही सापडत नाही, याचा त्याहून जास्त राग येतो.

१८ मार्च

कालचं फारसं मनावर घेऊ नये. झोप झाली नव्हती.

२३ मार्च, रविवार

पुन्हा हिप्परगा. ताबीश विचारतो, खांसी कैसी है? म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, हौ, बहुत फिराओ नक्को उसको धूप में. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. अंकिता दिवसभर झीनतशीच बोलली.

नवा संकल्प: पेपरच्या दिवशी अभीला मी एकटा सांभाळणार. ताबीशची मदत शून्य. अंकिता बाहेर येईल तेव्हा अभी माझ्या खांद्यावर हसत असेल.

६ मे, मंगळवार

पेपर झाला. घडलं तसं लिहितो.

रजा टाकली. केंद्राच्या आवारात लिंबाचं झाड, त्याखाली ठाण मांडलं. ऊन मी म्हणत होतं. ताबीशही सुमैय्याला घेऊन आला. साहजिक आहे, झीनतचाही पेपर. पण त्याने येताच सोलापुरी चादरीची झोळी फांदीला टांगली. विचारलंही नाही.

अभी माझ्याकडे रडला. मी पाणी भरायला नळावर गेलो, तेवढा वेळ ताबीशकडे दिला. परत येतो तर दोन्ही पोरं झोळीत एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपलेली, आणि ताबीश एका बोटाने झोका देतोय.

पेपर सुटायला वेळ होता. पण मला दिसू लागलं: अंकिता बाहेर येणार, आधी झोळी बघणार, मग त्याला बघणार. मी झोळीत हात घालून अभीला उचललं. ताबीश म्हणाला, सोने दो ना भाई. मी म्हणालो, माझा मुलगा आहे.

अभी उठला. असा रडला की सुमैय्याही उठली. शिपाई धावत आला आणि मला फाटकाबाहेर जायला सांगितलं. मी उन्हात, अभी खांद्यावर किंचाळतोय. वर खिडकीत अंकिता दिसली. क्षणभर बघितलं तिनं, मग मान खाली घातली आणि भराभर लिहायला लागली.

हिचा पेपर गेला आणि तो मी घालवला.

बाहेर आली ती हसत! म्हणाली, शेवटचा प्रश्न अडला होता. बालकांमधला मत्सर: लक्षणं, कारणं आणि उपाय, उदाहरणासह. उदाहरणच सुचत नव्हतं. मग सुचलं आणि पुरवणी घ्यावी लागली. मी विचारलं, लक्षणं काय लिहिलीस? म्हणाली, दुसऱ्याजवळची वस्तू हिसकावणं, खोटं आजारपण सांगणं, केलेल्या चुकीचं खापर वस्तूंवर फोडणं. आणि उपाय? रागवू नये. दुसऱ्याशी तुलना करू नये. छोटंसं काम सोपवावं, आणि जमलं की चारचौघांत शाबासकी द्यावी.

उदाहरण कुणाचं दिलंस, विचारलं. घरातलंच, म्हणाली.

अभीचं असणार. पण अभी अजून बोलत नाही. तो खोटं आजारपण कसं सांगेल? परीक्षकाच्या लक्षात आलं तर मार्क जातील. तिला सावध करायला हवं होतं.

२२ जून, रविवार

निकाल लागला. पास! बालमानसशास्त्रात केंद्रात पहिली. बाईंनी उद्यापासून शाळेत रुजू व्हायला सांगितलंय. दोन्ही घरांची हिप्परग्याला सहल. दहीधपाटे, शेंगाचटणी.

सकाळी अंकिताने मला एक काम दिलं होतं: अभीची दुधाची बाटली धुणं. फक्त तेवढंच. मी ब्रशने धुतली, उकळली, पालथी घातली. तलावावर सगळे जेवायला बसले तेव्हा ती मोठ्यांदा म्हणाली, आज अभीची बाटली यांनी एकट्यांनी धुतली, बघा कशी लख्ख केलीय. झीनत म्हणाली, व्वा. ताबीश म्हणाला, क्या बात है भाई. सुमैय्याने टाळ्या वाजवल्या. तिचं बघून अभीनेही वाजवल्या.

छाती फुगली. ताबीशकडे बघून हसलोसुद्धा. अभी त्याच्या मांडीवर होता, तरी हसलो.

परतताना चाळीस फुटी रस्त्याला लागलो आणि एकदम पेपर आठवला. छोटंसं काम. चारचौघांत. गाडी हळू केली. मागे न बघता विचारलं, ते तुझ्या उत्तरातलं मूल, ते कोण गं?

ती म्हणाली, हाय एक. सुधारतंय हळूहळू.

मी गाडीचा वेग वाढवला. बाटली मात्र खरंच लख्ख निघाली होती.