मुलांना म्हणजे कोणाला

रविवार, १४ ऑक्टोबर

ती. दादा,

नमस्कार. एरवी साष्टांग असतो, या खेपेला उभ्याउभ्याच घे.

तुझं पाकीट येऊन बरेच दिवस झाले. उत्तर टाळत होते हे कबूल. आधी पेन सापडेना, सापडलं तर रिफिल वाळलेली, मग घरमालकीणबाईंचा पंखा उघडून बसले आणि तो जोडता जोडता आठवडा गेला. माझी कारणं तुला पाठ आहेत. पण खरं कारण वेगळं आहे. तू पाठवलेलं हक्कसोडपत्र मी वाचलं, आणि मला ते कळलं. पूर्वी तू बोट ठेवशील तिथे मी सही करायचे. आता कळायला लागलंय, ही तुझी पंचाईत.

वहिनीची नोकरी पक्की झाली, छोटूला बढती मिळाली, वाचून बरं वाटलं. माझीही खुशाली आहे. केस कापले. तुला आवडणार नाहीत.

तुला वाटतं मी अजून बेकरीत आहे. बेकरी कधीच सुटली. मग फेरीबोटीवर तिकिटं फाडली. तिथला खलाशी शिट्टी वाजवून कबुतरं बोलवायचा, पण ते राहू दे. मग एका सुताराच्या हाताखाली लागले. तो वकीलबाईंच्या ऑफिसात अडकलेलं कपाट उघडायला गेला, बरोबर मी. कपाट उघडलं तर आत जुन्या मृत्युपत्रांचे गठ्ठे. सुतार बिजागरी ठोकत बसला, मी वाचत बसले.

"वाचतेस काय?" वकीलबाई म्हणाल्या. "लावून ठेव ती."

"लावता लावताच वाचतेय."

"मग नीट तरी वाच. सकाळी माझा वर्ग असतो, येऊन बस."

तर सुतार गेला, मी राहिले. सकाळी वर्ग, दिवसा त्यांच्याच ऑफिसात टायपिंग. मृत्युपत्रं, विश्वस्त आणि मालमत्तेची मागची सोय, असा विषय आहे. पुस्तकात त्याला हातभर लांब नाव दिलंय, आपण निरवानिरव म्हणतो. शाळेचा दाखला कोणी मागितला नाही म्हणून टिकले.

मजा असते रे. एका गृहस्थांनी लिहून ठेवलंय, 'माझी छत्री ज्याने नेली आहे त्यालाच ती द्यावी, म्हणजे त्याची चोरी माफ होईल आणि माझा जीव सुटेल.' आणि विश्वस्त म्हणजे काय ठाऊक आहे? ज्याच्या हातात पातेलं आहे पण ज्याने त्यातला एक घासही खायचा नाही, असा माणूस. तुला जमायचं नाही ते.

असो. मुद्द्यावर येते.

बाबांचं मृत्युपत्र म्हणजे एक वाक्य. 'माझ्यामागे दुकान आणि वरचं घर माझ्या मुलांना समान मिळावं.' खाली सही, दोन साक्षीदार. बाबा गेल्यावर तू ते बाहेरच्या खोलीत मोठ्याने वाचलंस आणि म्हणालास, "मुलांना. म्हणजे मी आणि छोटू."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू मुलगी आहेस, भिंगरे. लिहिलंय ते कळतं ना?"

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी गाडी पकडली.

ते वाक्य मी इथे वर्गात टाकलं. कोणाचं ते सांगितलं नाही. वकीलबाईंनी दोन बाजू पाडल्या आणि तुझी बाजू नेमकी मला दिली. मी उभी राहिले आणि बोलले की शाळांवर पाट्या असतात, मुलांची शाळा, मुलींची शाळा. मुलगी धरायची असती तर माणसाने मुलामुलींना असं लिहिलं असतं. समोरचा पोरगा म्हणत होता की मूल या शब्दाचं अनेकवचनही मुलं असंच होतं, आणि फक्त मुलगेच म्हणायचे असते तर मुलग्यांना लिहिलं असतं. मी म्हटलं, "मुलग्यांना असं तू स्वतः शेवटचं कधी बोललास?" वर्ग हसला. मी जिंकले, दादा. तुझी बाजू तुझ्यापेक्षा बरी मांडली. घरी आले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई म्हणाल्या, "काल तू शब्दकोशात जिंकलीस. मृत्युपत्राचा अर्थ शब्दकोशात नाही लावायचा. लिहिणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. तो शब्द त्याच्या तोंडात कसा यायचा ते बघायचं."

ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या खुर्च्या वेताने विणल्या त्याच्या खुर्चीत बसायला मला कोणी शिकवायला नको. बसले. ऐकायला लागले.

तुम्हा दोघांना बाबा पोरगे म्हणायचे. "पोरगे कुठे उलथले? वेत भिजत घातलाय का कोणी?" तुम्ही गल्लीत चेंडू बडवत असायचात आणि वेत मी घातलेला असायचा. दुकान बंद करून वर आले की मात्र पहिला प्रश्न ठरलेला. "मुलं जेवली?" त्यात माझं ताट नव्हतं का?

आणि तो गोवर आठव. दुकानात येईल त्याला बाबा सांगत होते, "चार दिवस काम मिळणार नाही, मुलांना गोवर आलाय." गोवर कोणाला आला होता? मला आणि छोटूला. तू मामाकडे होतास, ठणठणीत. गोवर घ्यायला मी मुलांत होते आणि दुकान घ्यायला नाही, असा कुठला कायदा? मी सगळं पुस्तक पालथं घातलं. नाही सापडला.

म्हणून सही करत नाही. कागद बिनसहीचाच परत पाठवते आहे. तू दुकान ज्याला विकायला निघालायस त्या मोबाईलवाल्याला सांग, विकायला तिसरी सही लागते आणि ती मिळत नाही.

तू म्हणशील, हिच्या पायाला भिंगरी, ही कुठे दुकानात बसणार आहे. बसेन किंवा नाही बसणार. मागची खोली, वेत भिजवायची टाकी, तो ओला वास, ते सगळं तसंच राहील आणि मी आले तर मला दार उघडं असेल, एवढं मला हवंय. हिस्सा मिळायला एका जागी बूड टेकून बसावं लागतं असंही कायद्यात कुठे नाही. विणायला बसवलं तेव्हा बोटं सोलतात म्हणून तू उठून गेला होतास. तरी तुझा हिस्सा कोणी काढला नाही.

आईचं मी काही विचारलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

त्या दिवशी तू हसलास त्याचं मला काही नाही. तू हसतोसच. मी आईकडे पाहिलं होतं. तिने मान वर केली नाही. "दादा म्हणतो ते बरोबर असेल," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. आणि बाबा रोज विचारायचे ते तिलाच ना, मुलं जेवली का म्हणून? तिला ठाऊक नसेल तर कोणाला ठाऊक असेल?

वकीलबाई म्हणतात, तिला साक्षीला बोलाव, तिच्याविना बाजू लंगडी आहे. मी नाही म्हटलं. तिला तुझ्या घरात राहायचंय, तुझ्या ताटात जेवायचंय. लंगडी तर लंगडी. लंगडत लढेन. पण

मध्येच उठावं लागलं. खाली घरमालकीणबाई कोणाशी तरी बोलत होत्या आणि आवाज ओळखीचा वाटला. खिडकीतून पाहिलं. आई आहे. एकटी. हातात कापडी पिशवी, चपला धुळीने भरलेल्या, म्हणजे स्टँडवरून चालत आली. हा पत्ता तिला तू पाकीट टाकायच्या आधी त्यावरूनच मिळाला असणार. तू पाठवलीस की तुला न सांगता आली, मला माहीत नाही.

जिन्यात उभी राहून ऐकलं. आमच्या घरमालकीणबाई चौकशी केल्याशिवाय कोणाला उंबरा ओलांडू देत नाहीत. कुठून आलात, कशा आलात, मुलं किती तुम्हाला?

"तीन," आई म्हणाली. "वर राहते ती मधली."

विचारसुद्धा केला नाही तिने. विचारलं आणि सांगितलं.

सही घेऊन जायला आली असेल तर रिकाम्या हाताने जाईल. दुसऱ्या कशाला आली असेल तर ते तिचं ती बोलेल, मी तिच्या तोंडात शब्द घालणार नाही. जिना चढते आहे, मध्ये थांबून दम खाते आहे. पिशवी घ्यायला खाली जाते.

तुझी बहीण आणि बाबांच्या तीन मुलांपैकी एक,
भिंगरी